तुझ्या नावावर तपासलेली छाती

शिदू, तू गेल्यापासून माझं बोट मनगटावरून हलत नाही. फळ्याकडे वळलो की ते तिथं जातं, एसटीत खिडकीशी बसलो की जातं. बायको म्हणते, हा काय नवा चाळा. मी नाडी मोजत असतो. बहात्तर, चौऱ्याहत्तर. परवा कुंडलच्या स्टँडवर उभ्या उभ्या ब्याण्णव लागली आणि मला बरं वाटलं. निदान काहीतरी बिघडतंय, असं.

आज अठरा दिवस झाले. पारावर लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा, कुणाच्याही मळ्यात हाक मारली की जायचा. सगळं खरं आहे. पण मला जे बोलायचं आहे ते त्यांतल्या कुणालाच ठाऊक नाही. तुला बरंचसं ठाऊक आहे. सगळं तुलाही ठाऊक नाही, म्हणून हे लिहायला बसलो. दोनदा उठलो, पुन्हा बसलो.

आधी तुझ्या घरचं, कालपर्यंतचं, सांगतो. तुझ्या आईनं, काकींनी, सुनेच्या, आनसावैनींच्या, हातचं पाणी सोडलं होतं. शेजारची म्हातारी भाकरी घेऊन आली तरच काकी खायच्या. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "डाक्टरानं नळी लावून पास केल्याला माझा ल्योक. छातीत कायबी न्हवतं त्येच्या. हिनं काय घातलं खायाला, हिलाच ठावं." आणि वैनी उलटून एक शब्द बोलत नव्हत्या. कारण त्यांनाही तेच वाटायचं. पेटीत कारखान्याचा कागद आहे, त्यावर तुझी छाती उत्तम असल्याचं लिहिलं आहे. मग चांगल्या छातीचा माणूस भर दुपारी भिंतीला टेकून जातो कसा? कुणाचं तरी चुकलं असणार.

चुकलं आहे. तो कागद माझ्या छातीचा आहे.

तुला फुंकणी आठवते? मी नुकताच कराडच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागलो होतो. हृदयाचा धडा आला, आणि शाळेत छाती ऐकायची नळी नव्हती. रविवारी गावी आलो तेव्हा आईच्या चुलीपुढची फुंकणी उचलली, पुसली आणि सोप्यात बसलेल्या तुझ्या छातीला लावली. दुसऱ्या टोकाला कान.

"काय ऐकतूस रं? जाळ पेटला का न्हाई?"

"गप बस जरा."

पुस्तकात लिहिलं होतं, लब् आणि डब्. झडपा मिटल्याचे दोन आवाज. तुझ्या छातीत लब् झालं, आणि डब् येण्याआधी आत कुणीतरी लांब फुंकर मारली. पुन्हा लब्, पुन्हा फुंकर. मी फुंकणी काढली, माझ्या धाकट्या भावाच्या छातीला लावली. त्याचे दोनच आवाज, साफ. पुन्हा तुझ्या छातीला लावली.

मग तूच सांगितलंस. लहानपणी महिनाभर अंथरुणात होतास. आधी गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे, मग मनगटं. ताप. काकी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायच्या. सूज उतरली, सगळे विसरले. तो ताप सांध्यांतून जातो आणि हृदयाच्या झडपांवर बसतो, हे मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त झडपेचं समजलं होतं.

तुला मी नीट समजावून सांगितलं होतं, एवढं तरी माझ्या बाजूला मांड. हृदयात चार खोल्या. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. अंगभर फिरून काळपट झालेलं रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं, हवा घेऊन लाल होतं आणि डाव्या बाजूला परत येतं. मग डावी जवनिका ते जोरानं साऱ्या अंगात ढकलते. दोन खोल्यांच्या मधे झडप असते, पुढं जाऊ देते, मागं येऊ देत नाही. तुझी डावीकडची झडप नीट मिटत नाही. ढकललेल्यातलं थोडं रक्त दर ठोक्याला मागं, फुप्फुसाकडे येतं.

तू नदीकाठच्या इंजिनांवर वाढलेला माणूस. पाण्यात बुडवलेल्या पाइपाच्या तोंडाशी जी झडप असते, जिला आपल्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात, ती तू शंभरदा उघडून बसवली असशील. लगेच म्हणालास, "म्हंजी फुटबॉल लीक हाय म्हन की."

"तसंच."

"मग त्येला काय एवढं? लीक असला तरी इंजान पानी वडतंयच. फकस्त रेस जास्त करायची न्हाई."

"पण इंजिनावर ताण पडतो ना गड्या. गळलेलं पाणी दोनदा ओढावं लागतं."

"पडू दे. चामडं बदलून टाकू."

"हे बदलता येत नाही."

"का? चामडंच हाय न्हवं?"

 पुढं कित्येक वर्षं तू तेच विचारत राहिलास. "निघालं का रं चामडं, मास्तर?" एकदा मी वाचून सांगितलं की परदेशात छाती उघडून झडप शिवतात, तर म्हणालास, "मग शीव की. सुई हाय, पुस्तक हाय, तू हाईस."

तुझा हातही मी वर्गात वापरला. इंजिनाचं हँडल मारून मारून तुझ्या दंडा-मनगटावर शिरा दोरखंडासारख्या उठलेल्या. एका शनिवारी तू बाजाराला कराडला आला होतास, तुला वर्गात घेऊन आलो. दंडाला पंचा आवळला. एका फुगलेल्या शिरेवर बोट दाबून ठेवलं आणि दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडं सारलं. मधली शीर रिकामी झाली आणि रिकामीच राहिली, कारण शिरेतल्या झडपेनं सारलेलं रक्त मागं येऊ दिलं नाही. बोट उचललं, खालून रक्त आलं आणि शीर टरारून भरली. आख्खा वर्ग उठून तुझ्याभोवती आला. मी फळ्यावर लिहिलं, हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, हृदयाकडं आणते ती नीला.

"दोन बाया घिऊन हिंडतोय व्हय मी," तू म्हणालास. "घरात सांगू नका म्हंजी झालं."

मुलं हसली. मग तू म्हणालास, "हातातल्या झडपा एकदम झ्याक हाईत. आतल्याचं मास्तरला इचारा." मुलं पुन्हा हसली आणि मीही हसलो. ते हसणं आता मला सहन होत नाही.

माधवनगरच्या एका गिरणीत तू नोकरीला गेलास तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि तुला परत पाठवलं. त्यांनी त्यांचं काम केलं. तू सांजच्या गाडीनं आलास आणि नेहमीसारखा चेष्टा करत बसलास, पण त्यानंतर वर्षभर तू कुठं अर्ज केला नाहीस. लोकांच्या मळ्यातली इंजिनं पावसाळ्यात बंद, तेव्हा तूही बंद. मग नदीपलीकडच्या कारखान्यात पंपावर कायमचा माणूस घ्यायचं निघालं. तुझ्याइतका त्या कामाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. फक्त मेडिकल पास व्हायला हवं होतं.

ती युक्ती माझी. हे मला स्वच्छ लिहायचं आहे. तुझी नव्हती. आपली उंची एक, अंगलट एक, अर्जाला फोटो नाही, डॉक्टर सांगलीहून आठवड्यातून एकदा येणार, त्यांना गावातलं कुणी ओळखीचं नाही. मी म्हणालो, "तुझ्या नावावर मी जातो."

"खोटं हाय मास्तर त्ये."

"तुझं काम खोटं आहे का? तुला येतं ते सगळं खरं आहे. फक्त छाती तेवढी माझी दाखवू."

तू दोन दिवस हो म्हणाला नाहीस. तिसऱ्या दिवशी तुझा सदरा आणून माझ्या ओट्यावर ठेवलास आणि निघून गेलास.

मी शाळेत आजारी असल्याची चिठ्ठी पाठवली. रांगेत तेवीस माणसं होती. माझी पाळी आली, नाव विचारलं, मी तुझं नाव सांगितलं, तुझ्या वडिलांच्या नावासकट. आवाज जरासुद्धा कापला नाही. डॉक्टरांनी नळी लावली, खोल श्वास घ्यायला लावला, दंड दाबून पाहिला. म्हणाले, "उत्तम. घोड्याचं काळीज आहे हो." आणि मला आनंद झाला, शिदू. तुझी नोकरी झाली म्हणून नाही, तो नंतर झाला. आधी माझं काळीज चांगलं आहे म्हणून झाला. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तू फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर बसला होतास. मी घोड्याचं सांगितलं तर तू हसत सुटलास, इतका की दम लागून बाकड्याला धरलंस. पुढं कितीदा तरी म्हणायचास, "कारखान्यात पगार तुझ्या काळजाला चालू हाय, आन् काम माझं करतंय. वाटणी द्यावी लागंल की रं." दर वेळी मी हसायचो, आणि दर वेळी तू माझ्या तोंडाकडं जरा जास्तच बघायचास.

चांगली वर्षं गेली, नाही असं नाही. तुझ्या घरावर कौलं आली. काकी जेजुरीला जाऊन आल्या. मला तू किती दिलंस त्याचा विचार केला की आणखीच अवघड होतं. माझे वडील गेले तेव्हा चार दिवस रजा टाकून माझ्या घरी पाणी भरलंस, दोन्ही हातांत घागरी, आणि मी ते बघत बसलो. एकदा मी तुला सांगितलं की हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं आणि तरी थकत नाही, कारण दोन ठोक्यांच्या मधे ते विसावा घेतं. तू म्हणालास, "लय शानं हाय की मग. मानसानं बी तसंच करावं." त्यानंतर नदीवरून वर चढताना तू दहा पावलं चालून थांबायला लागलास. वाकायचास, चप्पल नीट करायचास, मग पुढची दहा पावलं. लोकांना वाटायचं, याची चप्पल कायमची तुटलेली. मला ठाऊक होतं.

पण त्या कागदानं तुला बांधून ठेवलं. कारखान्याच्या दवाखान्यात तू पाऊल टाकू शकत नव्हतास. खोकला आला तरी नाही. तिथं नळी लावली असती तर छाती बदलली कशी, असं कुणीतरी विचारलंच असतं. सगळ्यांना फुकट औषध होतं आणि तुला मी कराडहून बाटली आणून देत होतो, शास्त्राचा मास्तर, डॉक्टर असल्यासारखा.

आता ते, जे तुला ठाऊक नाही.

गेल्या दिवाळीनंतर तू माझ्या ओट्यावर बसला होतास आणि चपलेचा पट्टा पायात रुतलेला मला दिसला. मी नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं, तरी खळी राहिली. तू म्हणालास, "उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन झालं असंल." मी म्हणालो, "मीठ कमी खा. मेच्या सुट्टीत मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवू." तू म्हणालास, "तू म्हणशील तवा."

शिदू, त्या खळीचा अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. डावीकडून मागं फिरलेलं रक्त फुप्फुसात साचतं, मग उजवी बाजूही थकते, मग सगळ्या अंगातलं पाणी खाली पायांत उतरतं. हे मी दर वर्षी शिकवतो. मे महिन्यापर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. पण आमच्या शाळेत हेडमास्तर नेमायचं चाललं होतं आणि माझं नाव पुढं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं असतं, नोकरी कुठं, तपासणी कधी झाली. त्यांनी कारखान्याला पत्र लिहिलं असतं. मग रांगेत कोण उभं होतं ते निघालं असतं. नेमणूक होऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं. तुला वाटलं सुट्टीची अडचण आहे.

परवा मी एका डॉक्टरांना विचारलं, माझ्या एका नात्यातल्या माणसाचं म्हणून. ते म्हणाले, हृदयाला जोर देणाऱ्या गोळ्या आहेत, पाणी उतरवणाऱ्या आहेत, काम हलकं केलं असतं तर काही वर्षं निघाली असती. मग म्हणाले, कदाचित नसतीही. त्या कदाचितवर मी झोपेचा प्रयत्न करतो, आणि जमत नाही.

नेमणुकीचा हुकूम तू गेल्यावर चौथ्या दिवशी आला. तो अजून कोटाच्या खिशात आहे. शिपायानं पेढे मागितले, मी त्याच्यावर ओरडलो.

तू गेलास त्या दिवशी तुम्ही पंपावरच्या तिघांनी नदीतून पाइप वर ओढला, फुटबॉलात अडकलेलं शेवाळ काढलं, पुन्हा सोडला. तू म्हणालास, जरा बसतो, आणि पंपघराच्या, भूकंपात भेग पडलेल्या भिंतीला टेकलास. एवढंच मला बरोबरच्या दोघांनी सांगितलं. सकाळचं वैनींनी सांगितलं. तू म्हणाला होतास, आज उठवत न्हाई, आणि त्या म्हणाल्या होत्या, उठा, निस्तं बसून व्हतंय व्हय. हे त्या दुखवट्याला आलेल्या प्रत्येक बाईला सांगतात. न विचारता सांगतात. परवा मी ते तिसऱ्यांदा ऐकलं आणि पाणी न पिता घरी आलो.

मग काल गेलो. दुपारी. वैनी परड्यात म्हशीला वैरण टाकत होत्या.

"या भावजी. च्या टाकू?"

"नको. वैनी, एक सांगायचंय. कारखान्यात शिदूची छाती तपासलीच नव्हती. माझी तपासली. त्याच्या नावावर मी उभा होतो. त्याच्या काळजाची झडप लहानपणापासून गळत होती."

त्यांनी हातातली पेंढी टाकली, दुसरी उचलली.

"ह्यांना ठावं हुतं?"

"दोघांनाही. आम्ही मिळूनच केलं. कल्पना माझी."

"मला न्हाई सांगितलं कुनी."

"नाही."

त्यांनी पेंढीचा बंद सोडला. मग म्हणाल्या, "पाय सुजलं तवा?"

मी तेही सांगितलं. हेडमास्तरकीसकट. थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं बोलता आलं नसतं.

"म्हंजी तुमाला ठावं हुतं," वैनी म्हणाल्या, "आन् मी त्यांना उठा म्हनत हुते."

आवाज चढवला नाही त्यांनी. मला वाटलं, चढवावा. म्हशीनं तोंड पुढं केलं, त्यांनी हातातली पेंढी तिला दिली आणि पदराला हात पुसले.

"आत्याबाई सोप्यात हाईत. चला. त्यास्नी सांगा ह्येच."

"काकींना सोसंल का, वैनी?"

"मला सोसतंयच की. माझ्या तोंडून त्यास्नी पटायचं न्हाई. तुमच्या पटंल."

गेलो. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे अधू झालेत, पावलांवरून ओळखलं. "मास्तर व्हय? बस बाबा. आता तुज्यातच माझा शिदू बगायचा." माझा हात धरून त्यांनी मांडीवर घेतला. त्या हाताला तसाच ठेवून मी बोललो. मला वाटलं होतं, सांगताना मी स्वतःला थोडा वाचवीन. तुझ्या आईपुढं ते जमलं नाही. रांग, डॉक्टर, नळी, पायावरची खळी, मे महिना, सगळं. वैनी उंबऱ्यात उभ्या होत्या, आतही आल्या नाहीत आणि बाहेरही गेल्या नाहीत.

काकींनी एकच विचारलं. "त्येला दुखत हुतं का रं?"

"दम लागायचा, काकी. दुखतंय असं कधी म्हणाला नाही."

"म्हनायचा न्हाईच त्यो."

मग त्यांनी माझा हात उचलून हळूच माझ्या गुडघ्यावर ठेवला. जसा दुसऱ्याचा जिन्नस परत देतात तसा.  नंतर उंबऱ्याकडं तोंड करून त्या म्हणाल्या, "आनसा, पानी आन गं जरा."

वैनींनी तांब्या भरून आणला. काकींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि संपेपर्यंत तोंडापासून काढला नाही. वैनी तिथंच खाली बसल्या, त्यांच्या पायाशी. मी उठलो, टोपी घातली. दोघींपैकी कुणी मला बस म्हणालं नाही.